ट्रेलरवर आणि पाण्यावर आउटरिगर कसे हाताळावेत

नागपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर असल्यामुळे इथल्या हौशी मासेमाराची बोट पाण्यावर जितके तास असते, त्याहून कितीतरी अधिक तास ती ट्रेलरवर असते. हिवाळ्यात सुरमईसाठी कोकणात जाणे असो किंवा परवानगी काढून रामटेकजवळच्या खिंडसी तलावात सरावासाठी बोट उतरवणे असो, रस्ता आधी लागतो आणि पाणी नंतर. आउटरिगरविषयीच्या सूचना बहुधा समुद्रकाठच्या लोकांनी लिहिलेल्या असतात, त्यामुळे त्यांत लाटांबद्दल पुष्कळ आणि रस्त्याबद्दल त्रोटक माहिती मिळते. आपल्याकडे मात्र खरा धोका रस्त्यावरच अधिक आहे, म्हणून सुरुवातही तिथूनच करतो.

आउटरिगर म्हणजे बोटीच्या दोन्ही कडांवर किंवा छतावर बसवलेल्या लांब काठ्या. ट्रोलिंग करताना, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत मासे धरताना, त्या बाहेरच्या बाजूला तिरप्या उघडतात आणि त्यांच्यावरच्या दोरीला लावलेल्या क्लिपमुळे गळाच्या दोऱ्या एकमेकींपासून लांब राहतात; मासा लागला की दोरी क्लिपमधून सुटते. या काठ्या ॲल्युमिनियमच्या, फायबरग्लासच्या किंवा कार्बन फायबरच्या असतात. यांपैकी ॲल्युमिनियम आणि कार्बन फायबर वीज वाहून नेतात, आणि ओली किंवा मिठाने माखलेली फायबरग्लासची काठीही सुरक्षित मानू नये.

आता उंचीचा हिशोब मांडू. ट्रेलरवर चढवलेल्या आमच्या बोटीची कड जमिनीपासून सुमारे 1.6 मीटर उंच आहे आणि काठी 4.5 मीटर लांब आहे. काठी सरळ उभी केली की तिचे टोक 6.1 मीटरवर जाते. रस्ता ओलांडणारी उच्च दाबाची तार किमान 6.1 मीटर आणि कमी दाबाची तार किमान 5.8 मीटर उंच असावी असा नियम आहे. म्हणजे नियम तंतोतंत पाळलेल्या रस्त्यावरसुद्धा उभ्या काठीला वाव उरत नाही. रस्त्यापासून दूर, शेतातून किंवा मोकळ्या जागेवरून जाणाऱ्या 11 केव्हीपर्यंतच्या (11 हजार व्होल्टपर्यंतच्या) उघड्या तारेला तर 4.6 मीटर उंचीही नियमाने पुरते, आणि तलावाकडे जाणारी वाट नेमकी अशाच जागांतून जाते. त्यात मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास गेला की तारा तापून लांबतात आणि खाली झोल पडतो. जानेवारीत जिच्याखालून निर्धास्त गेलो, ती तार उन्हाळ्यात त्याच उंचीवर असेल असे धरून चालू नये.

हे मी अनुभवाने शिकलो. रामटेकच्या बाजूला एका बांधाजवळ ट्रेलर उभा करून आम्ही बोट उतरवण्याच्या तयारीला लागलो होतो आणि माझा सोबती काठी जागेवर अडकवणारी पिन नीट बसते का हे पाहण्यासाठी उजवी काठी वर करू लागला. काठी अर्धी उठली असेल तोच शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हातातली काठी हवेत फिरवत हाक दिली, "ओ भाऊ, वरतं तार हाये नं!" आम्ही वर पाहिले. पांढऱ्या उन्हात तार दिसतच नव्हती. आधी खांबावरची चिनी मातीची भांडी दिसली, मग त्यांच्यामधून गेलेली बारीक रेघ. काठीचे टोक आणि ती रेघ यांच्यात हात-दोन हातांचेच अंतर होते. त्या दिवसापासून आमच्याकडे एकच नियम आहे: बोट ट्रेलरवर असेपर्यंत काठी उभी करायची नाही, तपासणीसाठीसुद्धा नाही. ज्यांच्या बोटीची रचना अशी आहे की काठ्या जमिनीवरच बसवाव्या लागतात, त्यांनी आधी चहूबाजूंचे खांब शोधावेत, कारण तारेपेक्षा खांब लवकर दिसतो. आणि काठी पूर्ण उभी धरली तरी तिचे टोक तारेपासून किमान 3 मीटर दूर राहील अशीच जागा निवडावी. वीज झेप घेऊ शकते, त्यामुळे प्रत्यक्ष स्पर्श व्हावाच लागतो असे नाही.

दुर्दैवाने काठी तारेला लागलीच, तर गाडीत असलेल्यांनी गाडीतच बसून राहावे, बाहेरच्यांना किमान 10 मीटर दूर ठेवावे आणि 1912 या क्रमांकावर कळवून वीजपुरवठा बंद करवून घ्यावा. रबरी टायर आपल्याला वाचवतील या समजुतीवर विसंबू नये. आग लागल्यामुळे उतरणे भागच पडले, तर गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होऊ न देता दोन्ही पाय जुळवून उडी मारावी आणि पाय न उचलता, जमिनीला घासत, लहान पावलांनी दूर जावे.

प्रवासासाठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे काठ्या बेसमधून, म्हणजे बोटीवरच्या त्यांच्या बैठकीतून, काढून, जुन्या चादरीत गुंडाळून बोटीच्या आत आडव्या बांधणे. त्या काढता येत नसतील तर आत सरकणाऱ्या काठ्या पूर्ण आखूड कराव्यात, मागे आडव्या कराव्यात आणि प्रत्येक काठी दोन ठिकाणी पट्ट्याने बांधावी. केवळ पिनेवर भरवसा ठेवू नये, कारण खड्ड्यांतून जाताना बेसला बसणाऱ्या हादऱ्यांनी पिन हळूहळू वर सरकते. टोक ट्रेलरच्या मागे किंवा बाजूला बाहेर राहू देऊ नये. दुचाकीस्वाराच्या चेहऱ्याच्या उंचीवर येणारे ते टोक संध्याकाळच्या उजेडात त्याला दिसत नाही. क्लिपच्या दोऱ्या मोकळ्या लोंबत ठेवल्या तर बाभळीची एखादी फांदी त्या पकडते आणि काठी बाहेर ओढते, म्हणून त्या काठीभोवती गुंडाळून टोकाशी घट्ट बांधाव्यात. रामटेककडे जाताना कामठी, कन्हान करत मनसरपर्यंत गेलो की आम्ही एकदा थांबतो आणि पट्टे हाताने ओढून पाहतो. पहिल्या चाळीस-पन्नास किलोमीटरांत जे ढिले व्हायचे ते झालेले असते. रेल्वे फाटकावर आडवी लोखंडी कमान असेल तर तिच्या उंचीची पाटी वाचूनच पुढे जावे. पलीकडच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात.

पाण्यावरचे नियम तुलनेने सोपे आहेत. काठी उघडताना किंवा मिटताना इंजिन न्यूट्रलमध्ये असावे, एका वेळी एकच काठी हलवावी आणि तिच्या खाली कोणी उभे राहू नये. गळाची दोरी क्लिपमध्ये अडकलेली असताना काठी मिटू नये. आधी दोरी सोडवावी, कारण ताणलेली दोरी अचानक सुटली की गळ बोटीतल्या माणसांकडे उसळतो. दोन्ही काठ्या उघडल्यावर बोटीची रुंदी दहा मीटरांच्या आसपास जाते, हे सुकाणूवरच्या माणसाने सतत लक्षात ठेवावे. शेजारून जाणारी होडी आपल्या बोटीपासून लांब असली तरी काठीपासून लांब असेलच असे नाही. ट्रोलिंग संपवून वेगाने निघायचे असेल तर काठ्या आधी मिटून पिना लावाव्यात. उघडी काठी लाटेवर आपटत राहिली की सगळा जोर बेसच्या बोल्टांवर येतो आणि तिथले फायबर तडकते. डगमगताना तोल सावरायला काठी धरण्याची सवय पाहुण्यांना हमखास असते, म्हणून निघतानाच त्यांना कठडा दाखवून ठेवावा.

ढग गडगडू लागले की काठ्या आडव्या करून लगेच किनारा गाठावा. विदर्भात मृगाच्या आधीच्या वादळी पावसात विजा पडून दरवर्षी माणसे दगावतात, आणि मोकळ्या तलावात आपल्या बोटीइतके उंच दुसरे काहीच नसते. वीज अगदी जवळ आली असेल तर काठ्या मिटवण्यासाठीही त्यांना हात लावू नये; त्यांच्यापासून दूर, खाली बसून राहावे.

कोकणातून परतल्यावर बेस गोड्या पाण्याने धुवावा, कारण ॲल्युमिनियम आणि स्टीलचा बोल्ट जिथे एकमेकांना भिडतात तिथे मीठ राहिले की ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी दिसू लागते. त्या जागी बोल्ट काढून पाहावा, वरून घट्ट वाटला तरी. नागपूरच्या उन्हात उघड्या ठेवलेल्या फायबरच्या काठीचा वरचा थर उडतो आणि हात फिरवला की तळव्यात बारीक कुसळे रुततात. अशी काठी जाड कापडाने पुसून, घासून, पुन्हा लेप देऊन घ्यावी. पण हाताने थोडी वाकवल्यावर कडकड आवाज येत असेल किंवा सांध्याजवळ आडवी भेग दिसत असेल, तर ती दुरुस्त न करता बदलावी.