अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसवर व्होरिकोनॅझोलची एमआयसी कशी काढावी

एमआयसी म्हणजे अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीची वाढ थांबवणारी व्होरिकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाची सर्वांत कमी मात्रा. ही सीएलएसआय या प्रयोगशाळा-मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एम३८ मानकातली ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात औषध टप्प्याटप्प्याने विरळ करण्याची) पद्धत आहे. यात एमआयसी चुकते ती बहुतेक वेळा बीजाणूंच्या द्रावामुळे, म्हणून खरी काळजी तिथेच घ्यावी.

बुरशी पोटॅटो डेक्स्ट्रोज अगार या घट्ट माध्यमावर ३५° सेल्सिअसला ७ दिवस वाढवा. पुढचं काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच करा, कारण कोरडे बीजाणू झाकण उघडताच उडतात. वसाहतीवर १ मिली ०.८५ टक्के सलाइन आणि ट्वीन २० या साबणासारख्या द्रवाचा एक थेंब टाका. ट्वीनशिवाय बीजाणू भिजतच नाहीत, वरच तरंगत राहतात. पिपेटच्या टोकाने हलकेच फिरवून द्राव नळीत घ्या आणि ३ ते ५ मिनिटं ठेवा. गुठळ्या आणि तंतू तळाशी बसले की फक्त वरचा भाग दुसऱ्या नळीत काढा आणि १५ सेकंद व्होर्टेक्स करा (यंत्रावर जोरात घुसळा). इथे घाई केली आणि तंतूंचे तुकडे वर आले, तर एमआयसी खोटी चढते. ५३० नॅनोमीटरला या द्रावाची ओडी (प्रकाश अडवण्याचं माप) ०.०९ ते ०.१३ हवी. मग आरपीएमआय १६४० या द्रव माध्यमात ५० पट विरळ करा. हे माध्यम ग्लुटामाइनयुक्त, बायकार्बोनेटविरहित आणि मॉप्स या बफरने पीएच ७.० केलेलं असावं.

औषध डीएमएसओ या द्रावकात १६०० मायक्रोग्रॅम प्रति मिली बनवा. पावडरची पोटन्सी (तिच्यातलं प्रत्यक्ष औषध) ९८० मायक्रोग्रॅम प्रति मिलिग्रॅम असेल, तर १० मिलीसाठी १६.३ मिलिग्रॅम लागेल. दुप्पट-दुप्पट विरळ करण्याच्या पायऱ्या डीएमएसओमध्येच करा, मग प्रत्येक पायरी आरपीएमआयमध्ये ५० पट विरळ करा. त्यामुळे औषधाच्या सगळ्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यांमध्ये) डीएमएसओ शेवटी सारखाच, १ टक्का, राहतो. वेल १ ते १०मध्ये १०० मायक्रोलिटर औषध आणि तेवढाच बीजाणूंचा द्राव घाला. औषधाचं अंतिम प्रमाण १६ ते ०.०३ मायक्रोग्रॅम प्रति मिली येतं. ११वी वेल औषधाविना वाढीची, १२वी नुसत्या माध्यमाची.

बीजाणूंचा उरलेला विरळ द्राव आणखी १०० पट विरळ करून ०.१ मिली साबुरो अगारवर पसरा. ८ ते १०० वसाहती आल्या तर वेलमधली संख्या मिलीला ४,००० ते ५०,००० या हद्दीत आहे. ओडी बरोबर असूनही ही मोजणी टाळू नका.

प्लेट ३५° सेल्सिअसला ४८ तास, न हलवता ठेवा. आरशात खालून पाहा: वाढ पूर्ण थांबलेली सर्वांत कमी मात्रा म्हणजे एमआयसी. अंधुक धूसरपणाही वाढच धरा. एमआयसी ०.५पर्यंत असेल तर बुरशी संवेदनशील, १ मध्यम, २ किंवा अधिक प्रतिरोधक. क्वालिटी कंट्रोलच्या (पद्धत बरोबर चालली का हे तपासण्याच्या) स्ट्रेनची एमआयसी ठरलेल्या हद्दीबाहेर गेली, तर त्या दिवसाचा एकही निकाल देऊ नका.