मार्केत्रीचे जुने फ्रेंच फर्निचर कसे पारखावे

व्हर्सायच्या राजवाड्यात पंधराव्या लुईचे लिहिण्याचे मेज आहे. ज्याँ-फ्रान्स्वा ओबेनने ते १७६० साली घडवायला घेतले. १७६३ मध्ये तो वारला आणि ज्याँ-आन्री रिझनेरने १७६९ मध्ये ते पुरे केले. त्यावरची चित्रे रंगवलेली नाहीत, वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे जुळवून केली आहेत. हीच मार्केत्री. असे फर्निचर समोर आले की मी पुढच्या क्रमाने पाहते.

आधी कामाची जात ओळखा. म्हैसूरच्या शिसवी कामात भरीव लाकडात खाच कोरून तुकडा बसवतात. मार्केत्रीत मात्र फूलही विनिअरचे (लाकडाच्या पातळ पापुद्र्याचे) आणि भोवतालची जमीनही विनिअरचीच. सगळे तुकडे जुळवून ते सरसाने ओक किंवा पाइनच्या सांगाड्यावर चिकटवतात. आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) याचे काम वेगळे: तो पितळ आणि कासवाच्या कवचाचे पत्रे एकावर एक ठेवून एकदमच कापायचा. त्यातून दोन नक्षी निघत, एकीत कवचाच्या जमिनीवर पितळ, दुसरीत नेमके उलट. असे कपाट विकत घ्यायचे असेल तर कवचाची कागदपत्रे आधी मागा. या कासवाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे.

मग मागची बाजू आणि खणांचे तळ पाहा. तिथे हाताच्या रंध्याच्या उंचसखल खुणा असाव्यात. करवतीच्या कमानदार, एकसारख्या रेषा दिसल्या तर ती गोल करवत, म्हणजे बहुधा एकोणिसावे शतक.

आता विनिअरची जाडी. यावर माझा सर्वांत जास्त भरवसा आहे. अठराव्या शतकात ते हाताने चिरत, म्हणून साधारण दीड-दोन मिलिमीटर जाड असे. यंत्राचे त्याहून बरेच पातळ. कुठे टवका उडाला असेल तिथे कड दिसते. पृष्ठभागावरून अलगद बोट फिरवा. अडीचशे वर्षे लाकूड फुगले-आकसले आहे, तेव्हा सांध्यांवर बारीक उंचवटे लागायलाच हवेत. आरशासारखे गुळगुळीत असेल तर मी सावध होते.

पाकळ्यांची सावली बघा. तुकड्याची कड तापलेल्या वाळूत धरून भाजत, म्हणून रंग हळूहळू गडद होत जातो.

शिक्का शेवटी शोधा. पॅरिसच्या कारागीर-संघाच्या १७४३ च्या नियमांनी उस्तादांना नावाचा ठसा मारणे बंधनकारक केले. १७९१ मध्ये असे संघच बरखास्त झाले. कमोडवर, म्हणजे खणांच्या बुटक्या कपाटावर, तो बहुधा संगमरवरी फळीखाली असतो (फळी एकट्याने उचलू नका). पण राजाच्या आश्रयाखालच्या कारागिरांना त्यातून सूट होती आणि खोटे ठसेही पुष्कळ मारले गेले. त्यामुळे ठसा नाही म्हणून वस्तू नाकारू नका, आणि आहे म्हणून पैसे मोजू नका.

हे सगळे झाल्यावर निवांत पाहा. आज आपल्याला मधाळ तपकिरी छटा दिसतात, पण नवे असताना हे फर्निचर भडक रंगीत होते. पाने हिरव्या रंगात मुरवलेल्या लाकडाची, अमरंथ नावाचे लाकूड जांभळे, ट्युलिपवुडचे गुलाबी. उजेडाने ते सारे उडाले. पानांच्या शिरा काळ्या लुकणाने भरत. वारंवार घासून पॉलिश केल्याने त्याही पुसल्या, म्हणून फुले सपाट वाटतात. उघडणाऱ्या फळीची आतली बाजू मार्केत्रीची असेल तर ती जरूर उघडायला लावा. उजेड न पोचलेल्या त्या कोपऱ्यात एखादे पान अजून हिरवे असते.