नव्या सहीच्या नोटा जमवायच्या, तर आधी एवढं उरकून घ्या

गव्हर्नर संजय मल्होत्रांच्या सहीची ५० रुपयांची नोट येणार, हे रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२५मध्ये जाहीर केलं. मार्चमध्ये १०० आणि २००ची घोषणा झाली, एप्रिलमध्ये १० आणि ५००ची. रंग, आकार, चित्र तेच, पण सही बदलली की आपल्या संग्राहकांसाठी नोट नवी. म्हणून बँकेत धावण्याआधी ‘प्रकार’ कशाला म्हणायचं ते ठरवा. माझ्या मते चारच गोष्टी धराव्यात: सही, मागच्या बाजूला डावीकडे छापलेलं वर्ष, क्रमांकाच्या आड पुसट दिसणारं इन्सेट अक्षर आणि क्रमांकातलं स्टारचं चिन्ह. ७८६चे किंवा वाढदिवसाच्या तारखांचे नंबर हा वेगळा शौक. त्यात पैसा चिक्कार जातो आणि यादीत एकही ओळ वाढत नाही.

इन्सेटसाठी बरं भिंग हवंच. जून २०१७मध्ये ५००च्या नोटेवर ‘ए’ आला. काही नोटांवर मात्र अक्षरच नसतं, आणि तोही प्रकारच. त्यामुळे वहीत किंवा एक्सेलमध्ये तो रकाना रिकामा सोडू नका, स्पष्ट ‘नाही’ लिहा. रिकाम्या रकान्याचा अर्थ एकच असावा: अजून पाहिलेलं नाही. सहीसोबत हुद्द्याचाही रकाना आखा. एक रुपयाची नोट भारत सरकारची, तिच्यावर अर्थ खात्याच्या सचिवाची सही असते. २०१७च्या एक रुपयावर शक्तिकांत दास सचिव म्हणून आहेत, आणि पुढे १० ते ५००वर तेच गव्हर्नर म्हणून. नुसतं ‘दास’ लिहून ठेवलंत तर घोळ ठरलेला.

स्टार नोटांसाठी कॅशिअरशी ओळख ठेवा. छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या जागी ही नोट घालतात. २००६मध्ये १०, २० आणि ५०पासून सुरुवात झाली, ५००वर स्टार २०१६मध्ये आला. अशा बंडलात नोटा शंभरच असतात, पण क्रम सलग नसतो, आणि कागदी पट्टीवर तसं छापलेलं असतं. म्हणून पट्टी फाडण्याआधी वाचा. स्टारची नोट खोटी, ही अफवा काउंटरवर कुणी ऐकवली तर जुलै २०२३चा रिझर्व्ह बँकेचा खुलासा मोबाइलमध्ये असू द्या.

पाकिटं पॉलिएस्टरची घ्या, पीव्हीसीची नकोत. कालांतरानं पीव्हीसीची पाकिटं चिकट होतात आणि नोट बिघडवतात. मोठं माप १६६ बाय ६६ मिलिमीटरचं, म्हणजे २०००ची नोट मावेल असं. रबरबँड, स्टेपलर, लॅमिनेशन यांना थारा नाही, आणि घडी घालवायला इस्त्री तर अजिबात नको. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर डब्यात सिलिका जेल टाकाच.

राहिला कायदा. २०१७च्या कायद्यानुसार नोटबंदीतल्या जुन्या ५०० आणि १०००च्या मिळून दहापेक्षा जास्त नोटा बाळगता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी ही मर्यादा पंचवीस आहे. त्यापुढे दंड दहा हजार रुपये किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, यात जो जास्त तो. २०००ची नोट यात येत नाही, ती मे २०२३मध्ये चलनातून काढायला घेतली तरी वैध आहे. तेव्हा आजोबांची पोथी, आईचा डबा, जुनी पाकिटं आधी उलटून बघा आणि जुन्या नोटा मोजून घ्या.