फॉर्म भरणारे नेमके कुठल्या साइटवरून येतात? हिशेब बिघडवणाऱ्या या चुका टाळा

फॉर्मच्या यादीत नाव आहे, फोन आहे, तारीख आहे. पण ही व्यक्ती कुठली लिंक दाबून आली, तो रकाना रिकामा. किंवा त्याहून वाईट, रकाना भरलेला आहे आणि प्रत्येक ओळीत तुमच्याच साइटचं नाव आहे. या दुसऱ्या प्रकारात दोष बहुतेक वेळा एकच असतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

रेफरर फॉर्मच्या पानावर वाचणं

लिंक दाबून नवं पान उघडलं की ब्राउझर आधीच्या पानाचा पत्ता रेफरर म्हणून कळवतो. आधीच्या फक्त एका पानाचा. कुणी बाहेरच्या साइटवरून तुमच्या लेखावर आलं, तिथून सेवांच्या पानावर गेलं आणि मग फॉर्म उघडला, तर फॉर्मच्या पानाला रेफरर मिळतो सेवांच्या पानाचा. बाहेरच्या साइटचं नाव दोन पानं मागेच राहिलेलं असतं.

म्हणून रेफरर प्रत्येक पानावर तपासा, पण साठवा तेव्हाच, जेव्हा त्यातलं डोमेन तुमचं नसेल. सगळ्या पानांच्या टेम्प्लेटमध्ये एक छोटी जावास्क्रिप्ट घाला. तिने तीन गोष्टी फर्स्ट-पार्टी कुकीत (तुमच्याच साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीत) लिहाव्यात: रेफररचं डोमेन, व्यक्ती ज्या पानावर उतरली त्याचा यूटीएमसकट (म्हणजे स्रोत सांगण्यासाठी लिंकच्या शेवटी जोडलेल्या खुणांसकट) पूर्ण पत्ता आणि वेळ. फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी हिडन फील्ड (भरणाऱ्याला न दिसणारे रकाने) ठेवा आणि ती सबमिट होताना कुकीतून भरा. शक्य असेल तर दोन संच ठेवा. पहिला स्रोत एकदा लिहिला की बदलू नका. शेवटचा स्रोत प्रत्येक नव्या बाहेरच्या भेटीला बदला. एकच संच ठेवला तर ‘ओळख कुणी करून दिली आणि फॉर्म कुणी भरायला लावला’ हा प्रश्न पुढे सुटतच नाही.

कुकीऐवजी सेशन स्टोरेज वापरलं तर ते त्या टॅबपुरतंच असतं. फॉर्म नव्या टॅबमध्ये उघडला की माहिती हाती लागेल याची खात्री नाही. कुकीलाही मर्यादा आहे. जावास्क्रिप्टने लिहिलेली कुकी सफारी जास्तीत जास्त 7 दिवस ठेवतो, आणि सफारीने ट्रॅकर ठरवलेल्या डोमेनवरून आयडी चिकटवलेल्या लिंकने कुणी आलं तर 24 तासच. लोक महिनाभर विचार करून फॉर्म भरत असतील, तर कुकी सर्व्हरकडून लिहिणं बरं.

आता सर्वांत फसवी चूक. हिडन फील्डची किंमत सर्व्हरवर पीएचपीने भरली आणि साइटवर पेज कॅश (तयार पानाची प्रत साठवून सगळ्यांना तीच देणं) चालू असेल, तर पान कॅशमध्ये गेलं त्या वेळच्या एका व्यक्तीचा रेफरर पुढच्या सगळ्यांच्या फॉर्ममध्ये जातो. आकडे रिकामे नसतात, चुकीचे असतात, त्यामुळे संशयही येत नाही. एकाच साइटवरून अचानक सलग नोंदी आल्या तर आधी कॅश तपासा.

आणि हिडन फील्डमध्ये आलेला मजकूर बाहेरून आलेला असतो हे विसरू नका. तो सर्व्हरवर साफ करून घ्या, दाखवताना एस्केप करा (म्हणजे तो कोड म्हणून चालणार नाही असा बदला), आणि डेटाबेसचा रकाना 255 अक्षरांत अडकवू नका. जाहिरातीचे आयडी लागलेले पत्ते सहज लांबतात आणि शेपूट कापली जाते.

रेफररकडून जास्त अपेक्षा

‘साइट कळते, पण नेमका लेख कळत नाही’ ही तक्रार नेहमीची. तो बिघाड नाही. 2020 मध्ये क्रोम 85 पासून आणि 2021 मध्ये फायरफॉक्स 87 पासून, दुसऱ्या साइटवर जाताना ब्राउझर मूळ नियमाने फक्त डोमेन पाठवतात, पुढचा पत्ता नाही. एचटीटीपीएसवरून साध्या एचटीटीपी पानावर येताना तर काहीच येत नाही. लिंकला ‘नोरेफरर’ लावलेलं असेल तरीही तेच. ‘नोओपनर’ मात्र निरुपद्रवी आहे. मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या अ‍ॅपमधून आलेली भेट सहसा ‘डायरेक्ट’ दिसते. म्हणजे ‘डायरेक्ट’ याचा अर्थ ‘पत्ता टाइप करून आले’ असा लावू नका. त्याचा खरा अर्थ ‘कळलं नाही’ एवढाच.

नेमका लेख हवा असेल तर त्या साइटला यूटीएम लावलेली लिंक द्या. सोर्समध्ये साइटचं नाव, मीडियममध्ये ‘रेफरल’ किंवा ‘ईमेल’, कंटेंटमध्ये लेखाची खूण. भेटी मोजणारं गूगल अ‍ॅनालिटिक्स कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरतं, त्यामुळे सगळं स्मॉल लिपीत आणि एका शीटमध्ये नोंदवून ठेवा. तुमच्याच साइटच्या आतल्या लिंकांना यूटीएम कधीही लावू नका. खऱ्या स्रोतावर तुमच्याच बॅनरचं नाव चढतं.

यूटीएम वाटेत गळतात तेही बघा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेला, एचटीटीपीचा पत्ता यूटीएम लावून उघडा. रीडायरेक्ट होऊन शेवटचं पान आल्यावर प्रश्नचिन्हानंतरचा भाग शिल्लक नसेल, तर रीडायरेक्टचा नियम दुरुस्त करा.

‘फॉर्म भरला’ म्हणजे काय, हे न ठरवणं

गूगल अ‍ॅनालिटिक्स 4 मधलं फॉर्म सबमिटचं स्वयंचलित मोजमाप सोयीचं आहे, पण त्यावर विसंबू नका. सर्व्हरने नाकारलेला फॉर्मही त्यात मोजला जाऊ शकतो, साइटवरची शोधपेटीही मोजली जाऊ शकते, आणि पान न बदलता जाणारे कित्येक फॉर्म त्याला दिसतच नाहीत. धन्यवादाच्या पानाची भेट मोजली तर रिफ्रेश आणि बुकमार्कही आकड्यात शिरतात. सर्व्हरने ‘नोंद झाली’ असं उत्तर दिल्यावरच टॅग मॅनेजरला (मोजमापाचे कोड सांभाळणाऱ्या गूगलच्या साधनाला) स्वतंत्र इव्हेंट द्या आणि तोच ‘की इव्हेंट’ (महत्त्वाची कृती) म्हणून निवडा.

फॉर्मची मेथड ‘गेट’ असेल तर ताबडतोब ‘पोस्ट’ करा. नाहीतर भरणाऱ्याचा ईमेल आणि फोन पुढच्या पानाच्या पत्त्यात येतो आणि तिथून अ‍ॅनालिटिक्समध्ये जातो. ही लोकांची खासगी माहिती आहे, आणि ती तिथे पाठवायला गूगलच्या नियमांतही मनाई आहे.

आयफ्रेम आणि पेमेंट गेटवे

दुसऱ्या सेवेचा फॉर्म आयफ्रेममध्ये (तुमच्या पानातल्या चौकटीत उघडणाऱ्या दुसऱ्या पानात) बसवला असेल, तर त्याला रेफरर म्हणून तुमचीच साइट दिसते. पानाच्या पत्त्यातले यूटीएम आणि कुकीतला स्रोत आयफ्रेमच्या पत्त्याला जोडूनच तो लोड करा. फॉर्मनंतर पैसे भरायला लोक गेटवेवर जाऊन परत येत असतील, तर गेटवेचं डोमेन ‘अनवाँटेड रेफरल्स’च्या यादीत टाका आणि तुमच्या स्क्रिप्टमध्येही वगळा. नाहीतर सर्वांत जास्त फॉर्म पाठवणारी ‘साइट’ म्हणून गेटवेच वर येईल.

तपासणी कशी करावी

इनकॉग्निटो विंडो उघडा. बाहेरच्या एखाद्या डोमेनवरच्या पानावरून तुमच्या साइटची लिंक दाबा, मधली दोन पानं फिरा, मग फॉर्म भरा. डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा ‘प्रिझर्व्ह लॉग’ चालू ठेवून पहिल्या पानाच्या विनंतीत रेफरर आला का पाहा, मग डेटाबेसमधली नोंद त्याच्याशी जुळवा. हीच चाचणी सफारीत, मोबाइलवर आणि नव्या टॅबमधून करा. अ‍ॅनालिटिक्समध्ये लगेच पाहायचं तर डीबगव्ह्यू (चाचणीच्या नोंदी लगेच दाखवणारा भाग) वापरा. नेहमीच्या रिपोर्टला 24 ते 48 तास लागू शकतात.

अ‍ॅनालिटिक्सचा आकडा डेटाबेसपेक्षा कमी येणारच, कारण अ‍ॅड ब्लॉकर आणि संमती नाकारणारे लोक त्यात नसतात. फॉर्मच्या संख्येसाठी डेटाबेस प्रमाण माना. उलट डेटाबेसचा आकडा अवाच्या सवा वाढला असेल तर बॉट शिरलेत. त्या नोंदी गाळल्याशिवाय स्रोतांची तुलना करू नका.

तुलनेआधी एकाच साइटची वेगवेगळी डोमेनं एकत्र करा: फेसबुकचं ‘एम’, ‘एल’ आणि ‘एलएम’ने सुरू होणारं सबडोमेन हा एकच स्रोत आहे. मग फॉर्मची संख्या त्या साइटवरून आलेल्या भेटींनी भागा. एकीकडून 2000 भेटी आणि 40 फॉर्म म्हणजे 2 टक्के. दुसरीकडून 60 भेटी आणि 12 फॉर्म म्हणजे 20 टक्के. नुसती संख्या पाहणारा दुसऱ्या साइटकडे दुर्लक्ष करतो. पण 60 भेटी थोड्याच आहेत, तेव्हा आणखी महिनाभर आकडे जमू द्या. ज्या नोंदींचा स्रोत कळला नाही त्या ‘अज्ञात’ नावाने वेगळ्या ओळीत ठेवा. बाकीच्या साइट्समध्ये अंदाजाने वाटू नका.