ड्रोनचे बदलते नियम आणि कोकणातील हौशी चालक : या चुका टाळा

नागरी ड्रोन उडविण्यावर भारतात ऑक्टोबर २०१४ पासून बंदी होती. १ डिसेंबर २०१८ पासून नियमबद्ध परवानगी मिळाली, १२ मार्च २०२१ रोजी अधिक जाचक नियम आले आणि अवघ्या काही महिन्यांत, २५ ऑगस्ट २०२१ रोजी, ते रद्द होऊन आजचे ‘ड्रोन नियम, २०२१’ लागू झाले. या नियमांतही २०२२ आणि २०२३ मध्ये दुरुस्त्या झाल्या. ज्या १९३४ च्या विमान कायद्याखाली ते केले होते, त्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. या प्रत्येक टप्प्यावर लिहिलेली माहिती आजही वाचकांसमोर येते, आणि ती आपापल्या काळात बरोबर असल्याने खात्रीशीर वाटते. म्हणूनच माहिती कोणत्या तारखेची आहे हे न पाहता तिच्यावर विसंबणे ही सर्वांत मोठी चूक होय.

किनाऱ्यावरचे उदाहरण घ्यायचे तर ‘समुद्रात ५०० मीटरपलीकडे ड्रोन नेता येत नाही’ हे वाक्य अजूनही छातीठोकपणे सांगितले जाते. ती अट २०१८ च्या व्यवस्थेतील होती. आजच्या नियमांत ती नाही. कोठे उडवावे आणि कोठे नाही हे आता सरकारचा हवाई नकाशा ठरवितो. याचा अर्थ ड्रोन क्षितिजापर्यंत न्यावा असा मात्र नव्हे, कारण हौशी वापरात तो चालकाच्या नजरेच्या टप्प्यातच असावा लागतो. याच्या उलट चूकही होते. एखाद्या विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला, जसा नागरी ड्रोन विधेयकाचा सप्टेंबर २०२५ मध्ये झाला, की त्यातील शिक्षा जणू लागूच झाल्या असे समजून लोक घाबरतात. मसुदा हा कायदा नसतो.

दुसरी चूक वजनाची. २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ ड्रोनला काहीच लागत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. त्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र आणि थर्ड पार्टी विमा लागत नाही हे खरे, पण नोंदणी आणि यूआयएन हा ओळख क्रमांक त्यालाही चुकलेला नाही. शुल्क अवघे १०० रुपये आहे. शिवाय वजन मोजायचे ते उडतानाचे, म्हणजे बॅटरी आणि जोडलेल्या प्रत्येक वस्तूसह. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला जास्त क्षमतेची बॅटरी किंवा पंख्यांची संरक्षक जाळी लावली की तो ‘मायक्रो’ वर्गात जातो, आणि मग विमाही आवश्यक होतो. नोंदणीसाठी जुन्या मार्गदर्शिकेप्रमाणे ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ड्रोन संकेतस्थळावर शोधाशोध करून कंटाळलेल्यांनी हे लक्षात घ्यावे की ती सेवा आता नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ई-जीसीए या संकेतस्थळावर गेली आहे. डिजिटल स्कायचा उपयोग हवाई नकाशासाठी होतो.

हौस कोठे संपते आणि धंदा कोठे सुरू होतो, हा प्रश्न कोकणात विशेष अवघड आहे. दोन किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन अव्यावसायिक कामासाठी उडविणाऱ्याला प्रमाणपत्र लागत नाही. परंतु चुलतभावाच्या लग्नात हौसेने चित्रीकरण करणारा तरुण पुढच्या हंगामात शेजारच्या वाडीतील लग्नाचे पैसे घेतो, किंवा मित्राच्या होमस्टेची जाहिरात करून देतो, तेव्हा यंत्र तेच राहते आणि सवलत मात्र संपते. माझ्या मते पैसे हातात पडले नाहीत तरी चित्रीकरण एखाद्या व्यवसायाच्या प्रसिद्धीसाठी असेल तर स्वतःला हौशी म्हणवून घेण्याची जोखीम पत्करू नये. २०२३ च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राच्या अर्जासाठी पासपोर्टची सक्तीही उरलेली नाही. मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका किंवा वाहन परवाना चालतो.

आता जागेचा विचार. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवानगी उंची ६० मीटरपर्यंतच असते, त्याहून जवळ जमिनीपासूनच हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते आणि अगदी लगतच्या लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण नाही. हे अंतर सरळ रेषेत मोजायचे असते, आणि आपल्याकडे फसगत येथेच होते. देवबागहून सिंधुदुर्गातील चिपी विमानतळावर जायचे तर कर्ली खाडीला वळसा पडतो, त्यामुळे विमानतळ दूर वाटतो. हवेतून मात्र तो अगदी जवळ आहे. चिपीची विमानसेवा मधूनमधून खंडित झाली म्हणून तेथील निर्बंध शिथिल झाले, असा तर्कही कोणी लढवू नये. नकाशा विमानांचे वेळापत्रक पाहून बदलत नाही. मोपा विमानतळ गोव्यात असला तरी त्याचे वर्तुळ राज्याची सीमा जाणत नाही, तेव्हा बांदा आणि सातार्डा परिसरात नकाशा पाहूनच उडवावे. पनवेल-उरण भागात नवी मुंबई विमानतळाच्या उद्घाटनापूर्वीचे, म्हणजे ऑक्टोबर २०२५ पूर्वीचे, अनुभव आता उपयोगाचे नाहीत.

उंचीची मर्यादा साधारणपणे १२० मीटर आहे, आणि ती ड्रोनच्या खाली असलेल्या जमिनीपासून किंवा पाण्यापासून धरावी लागते. रिमोटवर दिसणारी उंची बहुधा उड्डाणाच्या जागेपासूनची असते. समजा, समुद्रापासून ७० मीटर उंच सड्यावरून ड्रोन सोडला, पडद्यावर १०० मीटर दिसत असताना तो कड्यापलीकडे गेला, तर पाण्यावर त्याची उंची १७० मीटर होते आणि चालकाला नियमभंगाचा पत्ताही लागत नाही.

नकाशात जागा हिरवी, म्हणजे विनापरवानगी उड्डाणाची, दिसली, किंवा उत्पादकाच्या ॲपने उड्डाण अडविले नाही, म्हणजे सर्व परवानग्या मिळाल्या असे नाही. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि जंजिरा हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षित किल्ले आहेत, तेथे त्या खात्याची वेगळी परवानगी लागते. मंत्र्यांचा दौरा किंवा सुरक्षेचे कारण असेल तर जिल्हा प्रशासन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली ड्रोनबंदीचा आदेश काढते, आणि पोलीस अधीक्षक दर्जाचे अधिकारी एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरते लाल क्षेत्र जाहीर करू शकतात. त्यामुळे घरून निघण्यापूर्वी पोलीस ठाण्यात एक फोन करणे शहाणपणाचे. जानेवारी २०२५ पासून अवैध मासेमारीवर सरकारी ड्रोन नजर ठेवू लागले असल्याने बंदरावर अनोळखी ड्रोन दिसला की चौकशी होतेच. तेव्हा नोंदणीची प्रत खिशात असावी.

आखातातून सुटीवर येणाऱ्या नातेवाइकाकडे ड्रोन मागविणे ही चूकही अनेक जण करतात. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सुट्या भागांना मुभा आहे, पण संपूर्ण यंत्राचे सुटे केलेले संच बंदीतच येतात. जुना ड्रोन विकत घेताना मूळ नोंदणी डी-३ अर्जाने आपल्या नावावर करून घ्यावी, अन्यथा कागदोपत्री मालक एक आणि चालक दुसरा अशी स्थिती होते. तोच अर्ज ड्रोन कायमचा हरवल्यावरही लागतो. पावसाळी वाऱ्याने समुद्रात नेलेल्या ड्रोनचे दुःख करून झाले की त्याची नोंदणी रद्द करून घेण्याचे काम उरतेच, आणि अपघातात कोणास इजा झाली असेल तर त्याची माहिती ४८ तासांच्या आत कळवावी लागते.