कागदावरच्या देशाची विनाशिका कशी बांधायची (समुद्र नसलेल्या साताऱ्यात बसून)

आमचा साताऱ्यात पाच जणांचा ग्रुप आहे, रविवारी संध्याकाळी राजवाड्यापाशी वह्या घेऊन बसतो. प्रत्येकाचा स्वतःचा एक काल्पनिक देश आहे, नकाशा, झेंडा, नाणी, रेल्वेचं टाईमटेबल सगळं, आणि गेली काही वर्षं आम्ही हे मनापासून करतोय. मागच्या दिवाळीत एकानं त्याच्या देशाची नवी गायडेड मिसाईल डिस्ट्रॉयर, म्हणजे मिसाईलवाली विनाशिका, वाचून दाखवली. २०० मिसाईल, ५० नॉट (ताशी जवळपास ९३ किलोमीटर) स्पीड, रडारवर दिसत नाही, विमान पाडते, पाणबुडी मारते, आणि वर माणसं फक्त ६०. वाचून झाल्यावर सगळे गप्प. कारण ज्या जहाजाला सगळंच जमतं त्याच्याबद्दल विचारायचं तरी काय? त्या दिवसापासून मी या विषयात पडलो, आणि आता माझी विनाशिका कागदावर तयार आहे, तर ती कशी केली ते सगळं इथं सांगतो, कोणाला करायची असेल तर उपयोग होईल.

जहाज आधी काढू नका. आधी देश. माझा देश शंखद्वीप, पाच बेटं, ४० लाख लोक, मासेमारी हाच मोठा धंदा, आणि दोन बेटांमधनं एक खाडी जाते तिथनं परदेशी मालवाहू जहाजं ये-जा करतात, त्यांच्या शुल्कावर अर्धा देश चालतो. शेजाऱ्याकडे छोट्या मिसाईल बोटी आहेत आणि चार पाणबुड्या. एवढं लिहिलं की जहाजानं काय करायचं ते आपोआप समोर येतं: खाडी उघडी ठेवायची, मालवाहू जहाजांवर छत्री धरायची, बस. हजार किलोमीटर लांबच्या शहरावर मारा करायचा हे शंखद्वीपाचं कामच नाही, मग ती मिसाईल कशाला घ्यायची? इतिहासात पण हेच दिसतं. डिस्ट्रॉयर हा शब्दच मुळात टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर असा होता, टॉर्पेडो (पाण्याखालनं जाऊन जहाजावर फुटणारं अस्त्र) सोडणाऱ्या छोट्या वेगवान बोटींची मोठ्या जहाजांना भीती वाटायला लागली म्हणून १८९० च्या दशकात त्यांना मारणारं जहाज काढलं. भीती आधी आली, जहाज नंतर. तुमच्या देशाला कशाची भीती वाटते ते एका वाक्यात लिहून वहीच्या पहिल्या पानावर ठेवा आणि दर वेळी तिकडं बघा.

आता वजन, आणि इथं मला जरा वेळ घ्यायचाय कारण बहुतेक सगळे इथंच फसतात. आमचे मामा नेव्हीतनं रिटायर झालेत, इंजिन रूमला होते. मी माझं पहिलं चित्र त्यांना दाखवलं, त्यात मास्टवर (जहाजाच्या उंच खांबावर) चार मोठी रडारं, डेकवर तीन तोफा, मागं दोन हेलिकॉप्टर. त्यांनी चष्मा लावला, शेजारी पडलेली एक लग्नाची पत्रिका उलटी केली, तिच्यावर जहाजाचा आडवा छेद काढला आणि पेन्सिलीनं वरच्या अंगाला एक गोल गिरवत बसले. म्हणाले, "आरं, उसाची ट्रॉली बघितलीस का कधी वळणावर? ऊस कडंपर्यंत भरला तर चालती, पण वर चार थर जास्त रचले की वळणाला पालथी व्हती. जहाजाचं बी तसंच हाय. वर ठेवशील ते खाली भरून काढावं लागतंय." मग मला कळलं. रडार जितकं उंच तितकं लांबचं दिसतं म्हणून ते वर हवं, पण आधुनिक रडार जड असतं, आणि तेवढं वजन तितक्या उंचीवर ठेवायचं तर जहाज रुंद करावं लागतं, रुंद केलं की पाण्याचा विरोध वाढतो, मग इंजिन मोठं, मग इंधन जास्त, मग जहाज अजून मोठं. एक रडार बदललं की सगळी वही परत लिहायची.

अंदाज यावा म्हणून खरी मापं जवळ ठेवा. आपली आयएनएस विशाखापट्टणम, मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली, लांबी १६३ मीटर, वजन साधारण ७,४०० टन. १६३ मीटर म्हणजे कबड्डीची साडेबारा मैदानं एकापुढं एक लावली तर जेवढं होईल तेवढं. त्यात विमानं-मिसाईल पाडणाऱ्या ३२ बराक-८ आणि जहाजांवर मारा करणाऱ्या १६ ब्रह्मोस मिसाईल बसतात, पुढं ७६ मिलिमीटरची एक तोफ, टॉर्पेडो आणि दोन हेलिकॉप्टरची सोय. अमेरिकेची आर्ले बर्क क्लास (क्लास म्हणजे एकाच आराखड्याची जहाजं) ९,००० टनांच्या वर जाते आणि तिच्या नंतरच्या आवृत्तीत ९६ मिसाईलचे कप्पे आहेत. ब्रिटनच्या टाईप ४५ ला ४८. म्हणजे ६,००० टनांच्या जहाजात २०० मिसाईल लिहिल्या की ज्याला थोडंफार माहितीय तो वाचणारा तिथंच वही मिटतो.

स्पीडचं गणित सोपं आहे पण डोळे उघडणारं. जहाजाला लागणारी ताकद साधारण स्पीडच्या घनाप्रमाणं वाढते. २० नॉटवरनं ३० नॉटला जायचं म्हणजे स्पीड दीडपट, पण ताकद तिपटीपेक्षा जास्त. आर्ले बर्कला ३० नॉटच्या पुढं, म्हणजे ताशी ५५ किलोमीटरच्या वर नेण्यासाठी चार गॅस टर्बाइन मिळून सुमारे १ लाख हॉर्सपॉवर लागते. आपल्याकडचे ५० एचपीचे ट्रॅक्टर धरले तर दोन हजार ट्रॅक्टर झाले की हो! मी शंखद्वीपासाठी ३० चे २८ नॉट केले. दोन नॉट सोडले की जवळपास पाचवा हिस्सा ताकद वाचते, आणि मालवाहू जहाजांबरोबर चालणाऱ्या बोटीला ते दोन नॉट तसे लागतच नाहीत. ५० नॉट कृपा करून लिहू नका.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, वेळ. समुद्र सपाट दिसतो पण पृथ्वी गोल आहे, त्यामुळं पाण्याला चिकटून येणारी मिसाईल क्षितिजाच्या वर येईपर्यंत जहाजावरच्या रडारला दिसतच नाही, रडार कितीही भारी घ्या. हिशोब असा: रडारची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, मिसाईलच्या उंचीचं वर्गमूळ त्यात मिळवा, बेरजेला ४.१२ नं गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. रडार २५ मीटरवर, मिसाईल ४ मीटरवर. पाच अधिक दोन सात, गुणिले ४.१२, म्हणजे जवळपास २९ किलोमीटर. सांगलीहून तासगावला जाऊन थोडं पुढं जाल तेवढं अंतर. आवाजापेक्षा कमी वेगाची मिसाईल सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास येते, म्हणजे दीड मिनिटाच्या थोडं वर हातात. ब्रह्मोससारखी आवाजापेक्षा कितीतरी वेगवान असेल तर तीस सेकंद. कुकरची एक शिट्टी व्हायच्या आत तिला ओळखायचं, ठरवायचं, आपली मिसाईल सोडायची आणि ती तिथं पोचायची.

मग वाटतं की रडार अजून वर नेऊ. ३६ मीटरवर नेलं तर सहा अधिक दोन आठ, ३३ किलोमीटर. अकरा मीटर उंची वाढवून मिळाले चार किलोमीटर, म्हणजे वेगवान मिसाईलसमोर फक्त चार सेकंद. त्या चार सेकंदांसाठी उसाची ट्रॉली किती थर वर रचायची ते तुम्ही ठरवायचं. मी २६ मीटरवर थांबलो आणि त्याऐवजी हेलिकॉप्टरला रडार दिलं, ते वर गेलं की लांबचं दिसतं. अजिंक्यताऱ्यावर उभं राहिलं की अख्खं सातारा आणि पुढचा हायवे दिसतो, खाली पोवई नाक्यावरनं समोरची बिल्डिंगच दिसते, तोच प्रकार. पण मग हेलिकॉप्टर बंद असेल त्या दिवशी जहाज आंधळं. हे पण लिहा, लपवू नका, गोष्ट तिथंच सुरू होते.

मिसाईलच्या कप्प्यांचं बघू. एका येणाऱ्या मिसाईलवर खात्रीसाठी दोन सोडायच्या असं धरलं तर ३२ मध्ये १६ थांबवल्या की कोठार रिकामं. आणि हे कप्पे भर समुद्रात भरता येत नाहीत असंच धरा, क्रेन आणि शांत पाणी लागतं, म्हणजे बंदराला परत. यावर एक चांगली सोय असते, लहान आकाराच्या मिसाईल एका कप्प्यात चार बसतात. मी २४ कप्पे लांब पल्ल्याच्या मोठ्या मिसाईलना दिले आणि ८ कप्प्यांत चार-चार अशा ३२ छोट्या, एकूण ५६. जहाजावर मारा करायच्या फक्त ८, कारण शेजाऱ्याच्या बोटी लहान आहेत. पण लहान बोटीला हलकं समजू नका. १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये इजिप्तच्या छोट्या बोटींनी सोडलेल्या मिसाईलनी इस्रायलची एलात ही विनाशिका बुडवली, आणि १९७१ च्या ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या मिसाईल बोटींनी कराचीसमोर पाकिस्तानची खैबर बुडवली. ४ डिसेंबरला आपण नौदल दिन साजरा करतो तो त्याचसाठी.

पाणबुडीचं थोडक्यात: जहाजाच्या पोटाखालचं सोनार (पाण्यात आवाजावरनं शोध घेणारं यंत्र), मागनं ओढायचं लांब केबलचं सोनार आणि हेलिकॉप्टर, तिन्ही ठेवा. ९ डिसेंबर १९७१ ला आयएनएस खुकरी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोनं बुडाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. पाणबुडीला विसरलेलं जहाज मला कागदावरसुद्धा बघवत नाही.

वीज आणि थंडावा विसरू नका. ब्रिटनच्या टाईप ४५ मध्ये गरम पाण्याच्या समुद्रात इंजिनाचा थंड करणारा भाग दमायचा आणि जहाजाची वीजच जायची, शेवटी जादा जनरेटर बसवायचं काम काढावं लागलं. शंखद्वीप गरम समुद्रात आहे, म्हणून मी जनरेटर एकानं वाढवला आणि त्याच्यासाठी मागची जागा दिली, दुसरं हेलिकॉप्टर गेलं. वाईट वाटलं, तो हँगर मी दोन रविवार घालवून काढला होता.

माणसं किती? बहुतेक खऱ्या विनाशिकांवर साधारण दोनशे ते तीनशेच्या वर असतात. कमी लिहायचा मोह होतो पण आग लागल्यावर पाईप धरायला कोण? ४ मे १९८२ ला फॉकलंडच्या लढाईत ब्रिटनच्या शेफिल्ड या विनाशिकेला एक एक्झोसे मिसाईल लागली, आग विझवायची पाण्याची मुख्य लाईनच निकामी झाली, २० माणसं गेली आणि ओढून नेताना १० मेला जहाज बुडालं. मामा या विषयावर आले की आवाज खाली येतो. म्हणतात, "पंप कुठं हायत, किती हायत, आन एक गेला तर दुसरा कुठनं चालू करायचा, ते आधी सांग. मिसाईल मागनं." म्हणून माझ्या वहीत पंपांचं वेगळं पान आहे, जहाजाच्या तीन भागांत तीन, वेगवेगळ्या जनरेटरवर. माणसं २२०.

किती जहाजं बांधायची ते पण ठरवा. एक समुद्रात, एक सरावाला, एक दुरुस्तीला, म्हणून एक जागेवर हवं तर तीन बांधा. अमेरिकेनं झुमवॉल्ट क्लासची ३२ ठरवली होती, खर्च वाढत गेला आणि तीनच झाली, मग तिच्या तोफेचे खास गोळे इतके महाग पडले की तेच रद्द. वेळ पण खरा द्या. विशाखापट्टणम एप्रिल २०१५ ला पाण्यात सोडली आणि नौदलात दाखल झाली २१ नोव्हेंबर २०२१ ला. तुमच्या देशाला दोन वर्षांत तीन जहाजं मिळाली तर ती विकत घेतलीत असं लिहा, आणि कोणाकडनं, कशाच्या बदल्यात, ते पण.

शेवटी नाव. साताऱ्याला समुद्र नाही, पण इथल्या गादीचे सरखेल (आरमारप्रमुख) कान्होजी आंग्रे होते, बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला आणलं आणि कोकणचा दर्या त्यांनी राखला, त्यांच्या गुराबा (मोठी लढाऊ जहाजं) आणि गलबतं युरोपियन जहाजांना भारी पडायची. म्हणून माझा क्लास गुराब क्लास, वहीत असा लिहिलाय:

"गुराब, शंखद्वीपाच्या तीन विनाशिकांपैकी पहिली. लांबी १४८ मीटर, वजन ६,२०० टन, वेग २८ नॉट. आकाशातनं येणाऱ्या माऱ्यासाठी ५६ मिसाईल, जहाजांवर ८, एक ७६ मिलिमीटरची तोफ, दोन जवळच्या बचावाच्या बंदुका, एक हेलिकॉप्टर. माणसं २२०. हेलिकॉप्टर उडालं नाही तर क्षितिजापलीकडचं दिसत नाही. जमिनीवर लांब मारा नाही. मिसाईल संपल्या तर मोठ्या बेटाचं बंदर गाठायला नऊ तास."

हे वाचलं त्या रविवारी पहिला प्रश्न आला तो त्या नऊ तासांवर. शेजाऱ्याचा देश लिहिणाऱ्यानं लगेच वही उघडून खाडीचा नकाशा मागितला, आणि आम्ही अंधार पडेपर्यंत त्याच नऊ तासांवर भांडत बसलो.