जेम्सटाऊन पाहताना आणि मुलांना शिकवताना या चुका टाळा

व्हर्जिनियात चौथीच्या मुलांना राज्याचा इतिहास असतो. त्यामुळे इथल्या मराठी घरांत कधी ना कधी जेवणाच्या टेबलावर आइस्क्रीमच्या काड्यांचा जेम्सटाऊनचा, म्हणजे १६०७ मध्ये वसलेल्या अमेरिकेतल्या पहिल्या टिकाऊ इंग्रज वसाहतीचा, किल्ला उभा राहतो, आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांना घेऊन एक शनिवार तिकडे जाणं होतं. मी दोन्ही केलंय आणि दोन्हींत चुकलोय.

नुसतं ‘जेम्सटाऊन’ टाकून गाडी काढणं. ठिकाणं दोन आहेत. ‘जेम्सटाऊन सेटलमेंट’ हे संग्रहालय. तिथली जहाजं, झोपड्या सगळ्या प्रतिकृती. खरी जागा जवळच्या बेटावर, ‘हिस्टॉरिक जेम्सटाऊन’. मी प्रतिकृतीपुढे उभा राहून “हेच ते १६०७ चं” असं ठणकावून सांगितलं. बाबांनी लाकडावरून हात फिरवत विचारलं, “चारशे वर्षं टिकलं हे?” मग पाटी वाचली. मूळ किल्ला नदीनं गिळला असं जुन्या पुस्तकांत सापडतं, तेही सोडून द्या. १९९४ पासून विल्यम केल्सो यांच्या चमूनं खोदायला घेतलं आणि बहुतेक किल्ला जमिनीखाली सापडला.

मेफ्लॉवर इथे आणणं. धर्मासाठी देश सोडलेल्या इंग्रजांचं ते जहाज १६२० चं, आणि गेलं मॅसॅच्युसेट्सला. इथे आलेली तीन जहाजं म्हणजे सुझन कॉन्स्टंट, गॉडस्पीड आणि डिस्कव्हरी. धर्मासाठी नव्हे, तर लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीच्या भागधारकांना नफा मिळावा म्हणून.

“आळशी साहेब लोक, म्हणून मेले.” प्रोजेक्टमध्ये हमखास येणारं वाक्य, आणि अर्धवट. काम न करणारे उमराव होते, वसाहतीचा प्रमुख झालेल्या जॉन स्मिथनं ‘काम नाही तर जेवण नाही’ असा नियमही केला. पण आधी जागा बघा. काठाला खोल पाणी, जहाज थेट झाडाला बांधता येतं, स्पॅनिशांच्या नजरेपासून आत. गोडं पाणी मात्र नाही. कोकणात खाडीकाठी ज्याची विहीर आहे त्याला हे लगेच कळेल: उन्हाळ्यात नदीचा जोर ओसरला की भरती आत शिरते आणि पाणी मचूळ होतं. वसाहतीतल्याच जॉर्ज पर्सीनं लिहून ठेवलंय की भरतीला पाणी खारट आणि ओहोटीला गाळानं भरलेलं असे. १६०७ च्या ऑगस्टमध्ये तो जवळजवळ रोज मेलेल्यांची नावं नोंदवत होता. मेमध्ये उतरलेल्या १०४ पैकी जानेवारीपर्यंत ३८ उरले.

त्यात दुष्काळ. जुन्या सायप्रस झाडांच्या खोडातल्या कड्या मोजल्यावर कळलं की १६०६ ते १६१२ ही तिथली ७७० वर्षांतली सर्वांत कोरडी सात वर्षं. ज्या पौहाटन लोकांकडून, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांकडून, मका मिळवायचा, त्यांचीच कणगी रिकामी होती. १६०९ च्या हिवाळ्यात त्यांनी किल्ल्याची कोंडी केली. आत सुमारे ३०० माणसं होती; घोडे, कुत्री, उंदीर खाऊन झाले, आणि वसंतात साठेक जिवंत राहिली. २०१२ मध्ये चौदाएक वर्षांच्या मुलीची कवटी सापडली, मांस काढताना झालेल्या सुरीच्या खुणांसह. संशोधकांनी तिला ‘जेन’ म्हटलं. चौथीच्या मुलाला हे सांगायचं का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. संग्रहालयात ते समोर येतंच.

पोकाहोंटसची प्रेमकथा. पौहाटनांच्या प्रमुखाची ही मुलगी १६०७ मध्ये अकराएक वर्षांची होती, स्मिथ सत्तावीसचा. तिनं स्मिथचा जीव वाचवला ही गोष्ट त्याच्या १६०८ च्या वृत्तांतात नाहीच. सविस्तर आली १६२४ मध्ये, ती आणि तिचे वडील दोघंही गेल्यावर. लग्न झालं ते जॉन रॉल्फशी, १६१४ मध्ये. तंबाखूचं पीक बसवून वसाहतीला पैसा दाखवणारा हाच रॉल्फ.

तारखा जशाच्या तशा उचलणं. पोकाहोंटसच्या दफनाची इंग्लंडमधल्या ग्रेव्हसेंडच्या चर्चमधली नोंद २१ मार्च १६१६ ची आहे, पुस्तकांत मात्र १६१७. दोन्ही बरोबर. इंग्रजांचं नवं वर्ष तेव्हा २५ मार्चला लागायचं, आणि पंचांग जुनं, ज्युलियन, आजच्याहून दहा दिवस मागे. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० हीसुद्धा ज्युलियन तारीख, आजच्या हिशेबानं १ मार्च.

“१६१९ मध्ये अमेरिकेतले पहिले गुलाम जेम्सटाऊनला आले.” त्या वाक्यात दोन चुका आहेत. स्पॅनिश फ्लोरिडात आफ्रिकी गुलाम आधीच होते. आणि ‘व्हाइट लायन’ जहाजावरचे वीसेक अंगोलन लोक प्रथम उतरवले गेले पॉइंट कम्फर्टला, म्हणजे आजच्या हॅम्प्टनमध्ये. तंबाखूला हात हवे होते. १६६२ मध्ये कायदाच झाला: आई गुलाम तर मूलही गुलाम.

“याचा आपल्याशी काय संबंध?” हे आमच्या बाबांनी विचारलं होतं. व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार सर थॉमस स्मिथ हा ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. तीन जहाजं आणणारा क्रिस्टोफर न्यूपोर्ट पुढे त्याच कंपनीच्या नोकरीत जावामधल्या बांटमला मेला. आणि पळून जाणाऱ्या वसाहतवाल्यांना फासावर चढवणारा थॉमस डेल ईस्ट इंडिया कंपनीचं आरमार घेऊन पूर्वेला आला, आणि १६१९ मध्येच मच्छलीपट्टणला वारला.